चालू आहे, हात लावू नये

विंडोजवर ‘कॉन’ नावाचं फोल्डर तयार करता येत नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी ई-मेल शिकून घेतली त्यांना हे नव्याने सांगायला नको. तेव्हा एक ढकलपत्र फिरत असे: म्हणे एका भारतीयाने हा प्रकार शोधून काढला आणि खुद्द मायक्रोसॉफ्टमधल्या तज्ज्ञांनाही त्याचं कारण सांगता आलं नाही. पत्र वाचून झालं की लगेच करून बघायचं. नवं फोल्डर, नाव सी-ओ-एन, एंटर. संगणक नकार द्यायचा आणि आपण शेजारच्या खुर्चीतल्याला हलवून ते दाखवायचो.

कारण तज्ज्ञांना चांगलं ठाऊक होतं. गॅरी किल्डॉल यांनी १९७०च्या दशकात सीपी/एम नावाची प्रणाली लिहिली. तिच्यात कीबोर्ड आणि पडदा या जोडीला ‘कॉन’ म्हणत; फाइलच्या नावाऐवजी ‘कॉन’ लिहिलं की मजकूर थेट पडद्यावर उमटे. १९८१मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आलं आणि त्याने ही रीत उचलली. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवरच्या सगळ्या फायली एकाच यादीत. १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले आणि पेच पडला. जुने प्रोग्राम नुसतं ‘कॉन’ म्हणत. कुठल्या फोल्डरमधलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. ते बंद पडू नयेत म्हणून हे नाव प्रत्येक फोल्डरमध्ये राखून ठेवलं गेलं. ते प्रोग्राम गेले, फ्लॉप्या गेल्या, किल्डॉलही गेले. राखीव नाव मात्र आज विकत घेतलेल्या लॅपटॉपवरही राखीवच आहे. त्याच लॅपटॉपवर पहिल्या डिस्कला ‘सी’ म्हणतात, कारण ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपींना देऊन झाले होते. ज्या मुलांनी फ्लॉपी फक्त ‘सेव्ह’च्या चित्रात पाहिली तीही रोज ‘सी’ ड्राइव्ह उघडतात.

संगणकाचा बाजार नव्यावर चालतो. सतत नवी भाषा, नवं फ्रेमवर्क, नवा फोन. ज्याला गेल्या वर्षीचं येतं तो मागे पडला, असं खुशाल बोललं जातं. पण बँक, विमा, पगार, हवामान अशा ज्या कामांवर आपला दिवस चालतो त्यांच्या मुळाशी गेलं की साठी उलटलेल्या भाषा भेटतात. त्या इतक्या कशा टिकल्या, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘बदलायचा कंटाळा’. मला ते कधीच पटलं नाही. न बदलण्यासाठी किती राबावं लागतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

माझी उमेदीची वर्षं मेनफ्रेमवर गेली. अंधेरीच्या सीप्झमध्ये बसून आम्ही सातासमुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीचं कोबोल भाषेतलं कोड सांभाळायचो. नवं लिहिण्याचं काम जवळपास नसेच. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, ओळीत ऐंशी रकाने. पहिले सहा रकाने ओळीच्या क्रमांकाचे. सातव्यात तारा टाकला की ती ओळ म्हणजे नुसती टीप. परिच्छेदांची नावं आठव्यापासून, वाक्यं बाराव्यापासून बहात्तराव्यापर्यंत, आणि शेवटच्या आठांकडे कंपायलर बघतही नाही. ही मापं आयबीएमच्या ऐंशी रकान्यांच्या पंच-कार्डाची, म्हणजे १९२८ सालची. आमच्यापैकी कुणी आयुष्यात कार्ड हाताळलं नव्हतं. तरीही बोट घसरून एखादा शब्द बहात्तराच्या पलीकडे गेला की न पाहिलेल्या त्या कार्डाची कड आम्हाला लागायची.

प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर ताऱ्यांची चौकट असे. कुणी, कधी, काय बदललं त्याची नोंद तिच्यात: तारीख, आद्याक्षरं, एक ओळ कारण. वरची आद्याक्षरं कुणाची, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. खाली येता येता नव्वदचं दशक लागे आणि आद्याक्षरं ओळखीची होऊ लागत. शेवटच्या दोन-तीन नोंदींची माणसं तर कॅन्टीनमध्ये समोर बसून उपमा खात असत. एका प्रोग्राममध्ये चार ओळींची एक अट होती: अमुक राज्य असेल, पॉलिसी अमुक तारखेच्या आधीची असेल, तर सवलतीचा हिशेब निराळा. कारण लिहिलेलं नव्हतं. क्लायंटला विचारलं, तिथेही कुणाला सांगता येईना. शेवटी त्यांनी आपल्या एका निवृत्त बाईंना फोन केला. त्या राज्याच्या नियामकाशी कंपनीचा कधीकाळी समझोता झाला होता, तो त्या चार ओळींत उतरला होता. समझोत्याचा कागद हरवला. अट चालूच होती. शेताच्या बांधावरून वहिवाट पडलेली असते, तिचा नकाशा कुठल्याच दप्तरात नसतो, पण ती नांगरली की दुसऱ्या दिवशी भांडण दारात येतं. जुन्या कोडमधल्या अशा अटी म्हणजे वहिवाटीच असतात. म्हणून ‘सगळं नव्या भाषेत लिहून काढू’ हे वाक्य मीटिंगमध्ये जितकं सोपं वाटतं तितकं ते नसतं. भाषा बदलता येते. अटी आधी समजून घ्याव्या लागतात, आणि त्या समजावून सांगणारी बाई दर वेळी फोनवर भेटत नाही.

खरं तर या भाषेच्या मरणाची तयारी ती जन्मायच्या आधीच झाली होती. १९५९च्या मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक भरली. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, धंद्याचे हिशेब एकाच भाषेत लिहिता यावेत, एवढी मागणी होती. ग्रेस हॉपर यांची फ्लो-मॅटिक ही भाषा समोर होती, तिचा पाया घेऊन समिती कामाला लागली. समितीचं काम समितीच्याच चालीने चाललं. १९६०मध्ये आरसीए कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग वैतागले आणि त्यांनी थडग्यावर लावायचा एक दगड विकत घेतला. त्यावर ‘कोबोल’ कोरून घेतलं आणि तो पेंटागॉनमध्ये या कामाची धुरा वाहणाऱ्या चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे धाडून दिला. त्याच वर्षी डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्राम आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या, अशा दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. पुढे १९७५मध्ये डायक्स्ट्रा यांच्यासारख्या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाने लिहिलं की कोबोलने बुद्धी पंगू होते, ते शिकवणं गुन्हा मानला पाहिजे. तो दगड आता कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे, आणि कोबोलचं अगदी अलीकडचं प्रमाणपत्रक २०२३ सालचं.

डायक्स्ट्रांचा राग समजू शकतो. कोबोल बोलघेवडं आहे. बेरीज करायला अधिकचं चिन्ह पुरेसं असताना ते ‘ॲड टॅक्स टू टोटल’ असं सबंध वाक्य लिहायला लावतं. वर पूर्णविरामाचा धाक. जुन्या धाटणीच्या कोबोलमध्ये ‘इफ’ कुठे संपलं ते पूर्णविराम ठरवतो. तो एक ओळ आधी पडला तर जी रक्कम फक्त थकबाकीदारांना लावायची ती सरसकट सगळ्यांना लागते. प्रोग्राम मात्र तक्रार न करता चालतो. पण या भाषेला एक गोष्ट उत्तम येते: पैसे मोजणं. दहा पैसे म्हणजे रुपयाचा एक दशांश. यंत्राच्या द्विमान पद्धतीत तो तंतोतंत लिहिता येत नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश येत नाही. म्हणून बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज मागितली की दशांश चिन्हानंतर सतराव्या घरात एक आगंतुक चार येऊन बसतो. कोबोलमध्ये रक्कम दशमान आकड्यांतच ठेवता येते. किती आकडे, दशांश चिन्ह कुठे, हे सगळं आधी जाहीर करायचं. लाखो खात्यांवर रात्री व्याज लागतं तेव्हा तो आगंतुक चार कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्नच मग उभा राहत नाही.

वायटूके याच भाषेने आपल्या दारात आणलं. कार्डावर जागा नव्हती आणि मेमरी महाग होती, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. शतक पालटायला आलं तेव्हा जगभरचं असं कोड तपासायला माणसं हवी होती, आणि डोंबिवली-ठाणे-पुण्यातली कितीतरी मुलं काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन त्या कामाला लागली. त्यातली सगळी दुरुस्ती कायमची नव्हती. अनेक ठिकाणी फक्त एक रेषा ओढली गेली: पन्नासच्या खालचं साल दोन हजारातलं समजायचं, वरचं एकोणीसशेतलं. म्हणजे प्रश्न पुढच्या पिढीच्या ताटात वाढून ठेवला. २०२०च्या एप्रिलमध्ये, कोरोनाने रोजगार गेलेल्यांचे अर्ज लोटले तेव्हा, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घातली. त्यावर पुष्कळ विनोद झाले. पण साद माणसांना घातली होती, हे हसणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. कोड होतं, यंत्रं होती. ते वाचणारी माणसं पुरेशी नव्हती.

जुनं टिकतं ते टिकाऊ असतं म्हणून टिकतं, असं आपण समजतो. मी जे पाहिलं ते उलट होतं. जुनं टिकतं ते रोज कुणीतरी टिकवत असतं म्हणून.

पुण्याचंच उदाहरण घ्या. पाषाणला भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. ‘मान्सून मिशन’ २०१२मध्ये सुरू झालं तेव्हा अमेरिकेच्या हवामान केंद्राचं सीएफएस हे प्रारूप घेऊन इथल्या शास्त्रज्ञांनी ते आपल्या पावसासाठी घडवलं. समुद्र तापतो कसा, ढग धरतात कसे, वारा वळतो कुठे, याची समीकरणं त्यात आहेत, आणि ती मुख्यतः फोरट्रानमध्ये लिहिलेली आहेत. संस्थेत २०१८मध्ये ‘प्रत्युष’ महासंगणक आला, २०२४मध्ये ‘अर्क’. यंत्रं येत-जात राहिली, भाषा १९५७ची. जॉन बॅकस यांच्या चमूने ती आयबीएम ७०४ या यंत्रासाठी केली होती. मुंबईने ती फार लवकर पाहिली: कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसला, तेव्हापासून इथले शास्त्रज्ञ तिच्यात आकडेमोड करत आले.

फोरट्रान इथे जिव्हाळ्यापोटी राहिलेलं नाही. आकड्यांचे दोन संच वेगवेगळ्या नावांनी दिले की ते मेमरीत एकमेकांवर चढलेले नाहीत, असं तिचा कंपायलर धरून चालतो; सी भाषेच्या कंपायलरला एवढा विश्वास टाकता येत नाही, त्याला जपून पावलं टाकावी लागतात. हवेच्या कोट्यवधी चौकटींचा हिशेब करताना हा फरक तासांत मोजावा लागतो. दुसरं कारण अधिक खोल आहे. प्रारूप नव्या भाषेत लिहिलं की बेरजांचा क्रम बदलतो, शेवटचा आकडा किंचित हलतो, आणि हवामानात किंचित हललेला आकडा दहा दिवसांत वेगळा पाऊस दाखवतो. मग नवं उत्तर चुकीचं आहे की नुसतंच वेगळं, हे ठरवायला पुन्हा अनेक पावसाळ्यांच्या नोंदींशी ताडून बघावं लागतं. जुन्या कोडमागे ही ताडून बघण्याची पुण्याई असते. आज पायथॉनमध्ये समीकरणं सोडवणारा विद्यार्थीही बहुधा नकळत लॅपॅक या संग्रहाला हाक मारतो, आणि तो फोरट्रानमध्ये आहे. त्यातल्या एका प्रसिद्ध प्रक्रियेचं नाव ‘डीजीईएसव्ही’ असं विचित्र आहे, कारण जुन्या फोरट्रानमध्ये सहाच्या वर अक्षरांचं नाव चालत नसे. पण फोरट्रान तिथेच थांबलं नाही. १९६६मध्ये तिचं पहिलं प्रमाणपत्रक आलं, १९९०मध्ये तिने कार्डाचे रकाने सोडले, आणि २०२३मध्ये पुन्हा नवं प्रमाणपत्रक निघालं.

आणि आपल्याकडे सी कसं शिकवलं गेलं ते आठवा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ बगलेत, प्रयोगशाळेत टर्बो सीचा निळा पडदा, पहिली ओळ ‘क्लिअर स्क्रीन’, शेवटची ‘गेट-सीएच’. पुस्तक आवृत्तीमागून आवृत्ती बदलत राहिलं, सी भाषाही बदलत राहिली. बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा आज तुमच्या फोनच्या गाभ्यात आहे. तो निळा पडदा मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा होता आणि तिथेच गोठला होता. पुढे चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो चालेना, तर जुने खेळ चालवण्यासाठी बनवलेल्या डॉसबॉक्समध्ये त्याला बसवून मुलं प्रॅक्टिकलची परीक्षा देऊ लागली. एकाच टेबलावर दोन जुन्या गोष्टी होत्या. एक म्हातारी झाली तरी कामाला जात होती. दुसरी फक्त जपून ठेवलेली होती.

भाषा साठ-पासष्ट वर्षं जगतात आणि डेस्कटॉपच्या प्रणाली दहा-पंधरा वर्षांत थकतात, याचं कारण मला इथे दिसतं. भाषा म्हणजे शेवटी एक लेखी करार. अशी वाक्यं लिहिली तर यंत्राने असं वागायचं, एवढंच त्यात असतं. करार एकदा उघड लिहिला गेला की कुणीही कंपायलर लिहावा, कुठल्याही यंत्रावर. एक कंपनी बुडाली तर दुसरी उभी राहते. डेस्कटॉपच्या प्रणालीला मालक असतो, आणि तिची नाळ प्रिंटर, पडदा, डिस्क अशा सामानाशी जोडलेली असते. मालक वाईट असतात असं नाही. विंडोज ९५ तयार होत असताना सिमसिटी हा खेळ त्यावर कोसळू लागला. परत केलेली मेमरीच तो पुन्हा वाचत होता. चूक खेळाची, पण डॉसवर ती खपून जायची. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी नव्या प्रणालीतच सोय केली: सिमसिटी चालू असेल तर मेमरी लगेच काढून घ्यायची नाही. आयबीएमने तर १९६४च्या सिस्टीम ३६०साठी लिहिलेले प्रोग्राम आजच्या मेनफ्रेमवर चालावेत, हा शब्द साठ वर्षं पाळला. पण तो पाळण्याचे पैसे गिऱ्हाईक मोजत आलं आहे. डेस्कटॉपवाला एकदाच मोजतो, म्हणून त्याला मिळते ती मुदत. विंडोज एक्सपी आली २५ ऑक्टोबर २००१ला, तिची देखभाल थांबली ८ एप्रिल २०१४ला. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. आदल्या दिवशी चालणारा संगणक दुसऱ्या दिवशीही तसाच चालतो. फक्त त्याच्यावर आता कुणाचा हात नसतो. आपल्या एटीएममध्येही ही एक्सपी इतकी मुरली होती की रिझर्व्ह बँकेला जून २०१८मध्ये बँकांना टप्पे आखून द्यावे लागले: वर्षभरात सगळी यंत्रं बदला.

मालकाच्या हाती जगणं नको असेल तर करार लिहून ठेवावा लागतो. युनिक्स त्यामुळे तगलं. बेल लॅब्जमध्ये १९६९ला सुरू झालेल्या त्या प्रणालीचं वागणं १९८८मध्ये पॉझिक्स या प्रमाणात नोंदलं गेलं, आणि लिनस टॉर्व्हाल्ड्ससारख्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याला १९९१मध्ये तसंच वागणारं नवं काही लिहिता आलं. डॉसलाही त्याच सुमारास वारस मिळाले: मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार असं दिसताच जिम हॉल यांनी १९९४मध्ये फ्रीडॉसची हाक दिली, आणि ते आजही चालू आहे.

हे सगळं मला आता आठवत राहतं, कारण माझं हल्लीचं काम निराळ्याच जुन्याशी पडलं आहे. एका छोट्या प्रकाशनाची जुनी पुस्तकं ई-बुकसाठी बाहेर काढायची असतात. त्यासाठी पुण्यातल्या एका पेठेत, जिन्याखालच्या डीटीपीच्या खोलीत जावं लागतं. तिथे खिडकीला पाठ करून एक एक्सपीचा संगणक बसलेला आहे. सीपीयूवर गेल्या खंडेनवमीचं गंध, आणि त्याच्या खाली मार्करने लिहून चिकटवलेली पट्टी: ‘चालू आहे, हात लावू नये’. आत पेजमेकर ७. अ‍ॅडोबीने तो २००१मध्ये काढला, तीन वर्षांनी त्याचा विकास थांबवला आणि लोकांना इनडिझाइनकडे वळवलं. ही खोली वळली नाही.

“नेट नाही जोडलेलं?” मी विचारलं.

“मुद्दामच नाही जोडत, मॅडम. पेनड्राइव्हसुद्धा माझाच वापरतो. बाहेरचा लागला की हा आजारी पडतो.”

“नवीन मशीन घ्यायचं ना मग.”

“घेतलंय की, ते बघा. मुलगा त्याच्यावर बिलं करतो. पण फॉन्टचं डोंगल ह्यालाच लागतं. आणि माझी बोटं ह्याच कीबोर्डला बसलीयत. शिवाय तुमच्या त्या युनिकोडमध्ये ल आणि श हिंदीतले यायचे, जोडाक्षरं फुटायची. लेखक ओरडायचे कुणावर? माझ्यावर.”

ही मागासलेपणाची कैफियत नव्हती. पेजमेकरला युनिकोडमधली देवनागरी जुळवता येत नव्हती. इनडिझाइनलाही ती नीट यायला बराच काळ लागला. तोवर फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवून वाट काढली आणि त्यातून सुंदर पुस्तकं निघाली. देठाचा श आणि पाकळीदार ल त्यांनीच सांभाळला. आपल्याकडची दोन दशकांची दैनिकं, दिवाळी अंक, कथासंग्रह, लग्नपत्रिका या वाटेने छापून निघाल्या.

पण त्या फायलींत मराठी नाही. एका लोकप्रिय फॉन्टमधला ‘मराठी’ हा शब्द साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पडद्यावर येतं: अंडरस्कोर, लहान ए, लहान एम, मोठा आर, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, लहान आर. फॉन्ट आहे तोवर ते ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट गेला की उरतात ही चिन्हं. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये हाच शब्द आणखी वेगळ्या चिन्हांचा. करार होता तो प्रत्येक कंपनीपुरता, आणि तोही उघड नव्हता. तसं पाहिलं तर उघड करार आपल्याकडे वेळेवर आला होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९८८मध्ये तयार होतं, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठं काम केलं, आणि १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातली देवनागरी इस्कीवरूनच मांडली होती. युनिकोडचा एक नियम मला फार आवडतो: अक्षराला एकदा दिलेली जागा बदलायची नाही, काढून घ्यायची नाही. १९८३मध्ये डॉसने ‘कॉन’ला दिलेला शब्द इथे सगळ्या लिप्यांना दिला आहे.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. मग प्रुफं वाचायला बसायचं. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार नेमका उलटा: तिकडे नंतर, इकडे आधी. ‘विद्यार्थिनी’ हा शब्द नीट आला तर कन्व्हर्टर बरा आहे असं मी धरते, कारण त्या एका शब्दात पहिली वेलांटी, जोडाक्षर, रफार आणि रफाराच्याच अक्षरावर पुन्हा पहिली वेलांटी, असं सगळं एकत्र येतं. ‘दुसऱ्या’चं हमखास ‘दुसर्या’ होतं. कथेतलं पात्र ‘पायर्या’ चढून वर येतं, आणि लेखक हयात असेल तर फोन येतो. हे काम यंत्राच्या भरवशावर सोडता येत नाही. ते सीप्झमधल्या कामासारखंच आहे: दुसऱ्याने केव्हातरी, त्या वेळच्या अडचणीत, शहाणपणानेच केलेली गोष्ट समजून घ्यायची आणि पुढच्याला वाचता येईल अशी करून ठेवायची. फरक एवढाच की विमा कंपनीला त्या अटींवाचून रात्रीचा हिशेब लावता येत नव्हता, म्हणून ती दर महिन्याला पैसे देत होती. मराठी पुस्तकाला असा रात्रीचा हिशेब नसतो. ते नाहीसं झालं तर कुठलाही जॉब अडत नाही, कुणाला मध्यरात्री फोन जात नाही.

पुस्तकाच्या अंदाजपत्रकात कागद असतो, छपाई असते, बांधणी, मुखपृष्ठ, टपाल असतं. मजकूर युनिकोडमध्ये उतरवून, वाचून, दोन ठिकाणी ठेवण्याची ओळ मी अजून फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. रक्कम मोठी नसते. प्रकाशन समारंभातल्या चहा-बटाटेवड्यांत ती बसून जाईल. मराठीच्या भवितव्यावर आणखी एक परिसंवाद भरवण्याआधी प्रत्येक संस्थेने कपाटातल्या जुन्या सीडी बाहेर काढाव्यात, त्यांतल्या किती उघडतात ते मोजावं, आणि उघडतील तेवढ्या या महिन्यातच कुणाकडे तरी सोपवाव्यात. मजुरी ठरवून.